तिसरं उत्तर

फिजिओथेरपी विभागात विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की मास्तर पहिल्या दिवशी प्रत्येकाचा हात हातात घेऊन बघत. बघत म्हणजे बोटांनी. अंगठ्याच्या मुळाशी दाबत, नखांवरून बोट फिरवत आणि सांगत, "गार आहे. पेशंटला लावायच्या आधी चोळून गरम करायचा." किंवा, "नखं आजच काप." सहाही जणांचे हात झाले की ते टेबलाला टेकून उभे राहत.

"मला अजिबात दिसत नाही. हे तुम्हाला बाहेर कोणीतरी कुजबुजत सांगितलंच असेल. कुजबुजायचं कारण नाही. मी आंधळा आहे, बहिरा नाही."

हसायचं की नाही, अशा विचारात पोरं पडत. मास्तर पुढे म्हणत, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला दर सहा महिन्यांनी बारा मिळतात. तेव्हा आपली काही तक्रार नाही."

मग कामाचं बोलणं. मास्तरांच्या बोटांना स्नायूचा ताठरपणा कळे, सांध्यातली कुरकुर कळे, कातडीची ऊब आणि सूज कळे. रंग मात्र बोटांना कळत नाही. जखमेभोवतीची लाली, ओठांवरची निळसर झाक, दुखल्यावर कपाळावर उमटणारी आठी, हे सगळं विद्यार्थ्यांनी पाहून सांगायचं. "मी विचारलं की उत्तरं तीनच," ते सांगत. "आहे. नाही. पाहिलं नाही. तिसऱ्या उत्तराचे इथे मार्क कापत नाहीत. पाहिलं नाही म्हणालात तर मी म्हणेन, आता पाहा. विषय संपला."

मास्तर सतराव्या वर्षापर्यंत चांगले बघत होते. मग वर्षभरात दोन्ही डोळ्यांचे पडदे निकामी झाले. थोरली बहीण त्यांना हाताला धरून कॉलेजच्या मुलाखतीला घेऊन गेली, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी बहिणीलाच विचारलं, "यांना जिने चढता येतात का?"

"यांना उत्तरंही देता येतात," मास्तर म्हणाले.

प्रवेश मिळाला. त्या उत्तरामुळे मिळाला की ते उत्तर देऊनही, हे त्यांना कधी कळलं नाही.

शेवटच्या वर्षी ते एका कडक बाईंच्या हाताखाली शिकले. बाईंनी त्यांना स्वतंत्र पेशंट दिले, कधी टोकलं नाही, आणि मास्तर त्यावर खूश होते. निरोपाच्या दिवशी एका मदतनिसाच्या तोंडून निघून गेलं, की वर्षभर त्यांचा प्रत्येक पेशंट त्यांच्यानंतर पडद्याआड पुन्हा तपासला जात होता. मास्तर तडक बाईंच्या खोलीत गेले.

"तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"विश्वास ठेवायला आधार लागतो," बाई म्हणाल्या. "तो मी गोळा करत होते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तू घाबरून काम केलं असतंस."

यातलं पहिलं म्हणणं पटायला मास्तरांना दहा वर्षं लागली. दुसरं कधीच पटलं नाही.

त्यांची बायको टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करत असे. उंच खणांत पत्रं टाकून टाकून तिचा खांदा धरला होता, म्हणून ती उपचाराला आली. खांदा बरा झाला, येणं थांबलं नाही. आयुष्यभर लोकांची अक्षरं वाचलेली ही बाई संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून विद्यार्थ्यांची लॉगबुकं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. मुलांना तिने कधी पाहिलेलं नसे, पण ती त्यांना अक्षरावरून ओळखी. हा आळशी, हा भित्रा, हिच्या घरी काहीतरी बिनसलंय. मास्तर म्हणत, "अगं, तुला वाचायला दिलंय, कुंडली मांडायला नाही."

ज्या तुकडीची ही गोष्ट आहे, तिच्यात एक मुलगी होती. सगळी कामं चुटकीसरशी करायची म्हणून बरोबरच्या मुलांनी तिचं नाव चुटकी ठेवलं होतं. वर्गात पहिली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. हात मऊ आणि नेमके, पहिल्याच दिवशी मास्तरांनी ओळखलं की हे हात शिकवायला फार कष्ट पडणार नाहीत. ते खरंही ठरलं. तीन आठवड्यांत तिला जे जमायला लागलं, ते इतरांना सहा महिन्यांतही जमत नाही. मास्तर तिला जास्त पेशंट देऊ लागले आणि तिच्या उत्तरांवर दोनदा विचार करेनासे झाले.

एका संध्याकाळी लॉगबुक वाचता वाचता बायको थांबली. "अहो, हिच्या आठवड्याच्या नोंदी सगळ्या एका बैठकीत लिहिल्यात."

"कशावरून?"

"सोमवार आणि शनिवारचं अक्षर एकाच तिरकेपणाचं आहे. शाई शेवटाकडे सारखी फिकट होत गेलीय. आणि सगळ्या आकड्यांच्या शेवटी शून्य नाहीतर पाच."

"घाईत उतरवून काढलं असेल. कच्च्या वहीत असतं पोरांच्या."

"असेल," बायको म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

त्याच आठवड्यात वॉर्डात एक निवृत्त बस कंडक्टर बाई होत्या. गुडघा बदललेला, पाचवा दिवस. आयुष्य गर्दीत ओरडण्यात गेलेलं, त्यामुळे साधं पाणी मागितलं तरी अख्ख्या वॉर्डाला कळे. अशा पेशंटला उभं करण्याआधी दोन्ही पोटऱ्या पाहाव्या लागतात. एखाद्या पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर पोटरी सुजते, लाल होते, तापते. आणि अशा पायावर चालवलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गुठळी होऊ नये म्हणूनच पेशंटला मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घालतात. पोटरी पाहायची तर ते मोजे काढावे लागतात. काढणं सोपं असतं. परत चढवताना दोघांचा घाम निघतो.

मास्तर पलंगाशी आले तेव्हा चुटकी वॉकर घेऊन तयार होती.

"पोटऱ्या?"

"दोन्ही सारख्या, सर. चौतीस-चौतीस. लाली नाही."

"छान. मावशी, उठायचं का?"

"उठू या की. पाच दिवस एकाच थांब्यावर उभी आहे गाडी," कंडक्टर बाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांचे पाय खाली घ्यायला हात दिला. एक हात टाचेखाली, एक पोटरीखाली. डावा पाय खाली आला. उजवा उचलला आणि मास्तर तसेच थांबले. मोज्यावरूनही ऊब जाणवत होती. पोटरी भरलेल्या पिशवीसारखी टणक होती. त्यांनी डाव्या पायाला पुन्हा हात लावला, पुन्हा उजव्याला.

"मावशी, पाय परत वर घेऊ. आज उभं राहायचं नाही." मग मान न वळवता विचारलं, "मोजे काढून पाहिलं होतंस?"

"हो, सर."

"काढले कुठे?" कंडक्टर बाई म्हणाल्या. "सकाळी सिस्टरने चढवलेत, ते अजून तसेच आहेत. पोरगी आली, टेप हातात घेतला, वहीत लिहिलं आणि वॉकर आणायला पळाली."

मास्तरांनी मोजा काढायला सांगितला. चुटकीने काढला.

"रंग?"

"लाल आहे," ती म्हणाली.

डॉक्टर आले, तासाभरात सोनोग्राफी झाली, गुठळी असल्याचं दिसलं. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली. कंडक्टर बाई आठवडाभर जास्त राहिल्या आणि धडधाकट घरी गेल्या. त्यांच्यापुरतं प्रकरण तिथे मिटलं.

विभागात मिटलं नाही. विभागप्रमुख बाई मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, स्वभावाने सरळ. त्यांनी दार लावून घेतलं. "सर, अहवाल द्यावा लागेल. आणि स्पष्टच बोलते. समिती तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल, की देखरेख करणाऱ्याला दिसत नव्हतं, तर देखरेख कसली?"

"बरोबर आहे प्रश्न."

"तुमच्या हातांमुळेच गुठळी सापडली. तेवढंच लिहिता येईल. खोटं होणार नाही."

"अर्धं होईल," मास्तर म्हणाले.

विभागातल्या संगणकावर त्यांनी स्वतः अहवाल टाइप केला. लिहिलेली प्रत्येक ओळ यंत्र सपाट आवाजात वाचून दाखवत होतं. विद्यार्थिनीने मोजे न काढता पोटऱ्या तपासल्याचं सांगितलं. विचारल्यावर पुन्हा तेच सांगितलं. मी पहिल्या उत्तरावर विसंबून पेशंटला उभं करायला घेतलं. आधी हात लावून पाहणं माझं काम होतं. मी ते केलं नाही. गुठळी माझ्या हाताला लागली ती तपासताना नव्हे, पाय उचलताना.

दोन दिवसांनी जिन्यात चुटकी मैत्रिणीला सांगत होती, "स्वतःला दिसत नाही आणि खापर माझ्या डोक्यावर." मास्तर तेव्हा खालच्या पायरीवर होते. ते थोडा वेळ तिथेच थांबले. मुली निघून गेल्यावर वर चढले.

समितीचा निर्णय असा आला: चुटकीने वॉर्डातल्या प्रशिक्षणाचे सहा आठवडे पुन्हा करायचे. आणि मास्तर विद्यार्थ्यांबरोबर असतील तेव्हा खोलीत दुसरा, दिसणारा थेरपिस्ट हजर राहील. मास्तर तेवीस वर्षं शिकवत होते. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला निर्णय सांगितला. बायकोने विचारलं, "मी शाईचं बोलले होते, ते आठवतं?"

"आठवतं. आता वाढ."

पुढे महिनाभर चुटकीला दुसऱ्या मॅडमच्या हाताखाली ठेवलं. मॅडम सावलीसारख्या मागे असत. एकही चूक झाली नाही. मग तिचे ते सहा आठवडे सुरू होण्याची वेळ आली. ते कोणाकडे करायचे, हे तिला निवडायला सांगितलं, तेव्हा तिने मास्तरांचं नाव दिलं. विभागप्रमुख बाईंनी दोनदा विचारून खात्री केली.

चुटकी खोलीत आली तेव्हा मास्तर व्यायामाच्या रबरी पट्ट्या गुंडाळत बसले होते.

"मला आनंद झाला, असं समजू नकोस," ते म्हणाले. "का आलीस?"

"तिकडे मॅडम बघत असतात म्हणून मी नीट करते, सर. मी एरवी कशी आहे, ते माझं मलाच कळत नाही."

"हं. त्या दिवशी मोजे का काढले नाहीस?"

"साडेअकराला केस मांडायची होती. मोजे परत चढवायला दहा मिनिटं जातात. आणि आधीच्या दिवशी पोटरी ठीक होती."

"हे पहिल्या वेळचं झालं. मी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा 'हो' का म्हणालीस?"

बाहेर कोणीतरी चाकांची खुर्ची ढकलत गेलं. मग ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही म्हणून."

मास्तरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. हे वाक्य लोक त्यांच्याशी रोज वागून दाखवत होते, तोंडावर मात्र कोणी बोललं नव्हतं. त्यांना राग आला. तो उतरेपर्यंत ते थांबले.

"ठीक," ते म्हणाले. "आता माझं ऐक. तुझा प्रत्येक पेशंट तुझ्यानंतर मी पुन्हा तपासणार. जे बोटांना कळत नाही, ते त्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या थेरपिस्टला पाहायला सांगणार. चोरून नाही, तुझ्यासमोर. पेशंटलाही सांगून. किती दिवस, ते ठरवलेलं नाही. चालेल?"

"चालेल."

"चालणार नाही. त्रास होईल. पण कर."

त्रास झाला. दोन-दोनदा तपासणी म्हणून पेशंट वैतागले. कंडक्टर बाई आता घरून उपचाराला येत. त्या चुटकीकडेच बोट करून म्हणाल्या, "हिने तिकीट पंच केलं की मास्तर पुन्हा पंच करतात. तपासनीस चढलाय गाडीत." पण दुसऱ्या खेपेला त्यांनी आपणहून मोजे काढून ठेवले आणि चुटकीला म्हणाल्या, "घे, बघ. सावकाश बघ. मला कुठे जायचं नाही." चुटकीने टेप लावला, आकडा सांगितला. साडेतेहतीस. मास्तरांनी आपला उठावाच्या खुणांचा टेप लावून त्या बोटाने मोजल्या. साडेतेहतीस.

पहिल्या दोन आठवड्यांत चुटकी तिसरं उत्तर सोळा वेळा बोलली. मास्तर मोजत होते. आवाजात दर वेळी थोडी लाज असे. मास्तर दर वेळी म्हणत, "आता पाहा," आणि ती पाही.

चौथ्या आठवड्यात एक गॅरेजवाला आला. खांदा आखडलेला, अंगापिंडाने भक्कम. मास्तर त्याचा हात हळूहळू वर नेत होते. चुटकी समोर उभी होती.

"दुखतंय?"

"छे! अजून न्या वर," गॅरेजवाला खणखणीत आवाजात म्हणाला.

मास्तरांच्या हाताखाली स्नायूने फारसा विरोध केला नव्हता. त्यांनी हात आणखी वर घेतला.

"सर, थांबा," चुटकी म्हणाली. "त्यांना दुखतंय."

"ते नाही म्हणतायत."

"नाही म्हणतायत, पण ओठ पांढरे पडलेत. डाव्या हाताने खुर्ची आवळलीय."

"काही नाही हो, साहेब, उगाच," गॅरेजवाला म्हणाला.

"नक्की?" मास्तरांनी विचारलं. विचारलं ते चुटकीला.

"नक्की, सर."

मास्तरांनी हात खाली आणला. गॅरेजवाल्याने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. "आता खरं सांगतो," तो म्हणाला, "डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. पण पोरीसमोर काय सांगायचं?"

"पोरीनेच सांगितलं," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी घरी लॉगबुक वाचताना बायको म्हणाली, "अहो, आज हिच्या शेवटच्या दोन पेशंटांपुढे तुमचा 'पुन्हा तपासलं'चा शिक्का नाही."

मास्तर विचारात पडले. "राहून गेलं."

"राहून गेलं की सोडलंत?"

"राहूनच गेलं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पुन्हा तपासणी सुरू केली. आणखी आठवडाभर ती चालली आणि मग एका सोमवारी त्यांनी चुटकीला सांगून बंद केली. तिने "बरं" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सहा आठवडे संपले. पास झाल्यावर ती नोकरीसाठी शिफारसपत्र मागायला आली.

"लिहीन," मास्तर म्हणाले. "पण त्यात मोज्यांचंही लिहीन. ते वगळून तुझ्याविषयी लिहायला बसलो, तर पुढचं सगळं बिनबुडाचं होईल."

"त्याने नोकरी मिळेल का, सर?"

"माहीत नाही. दुसऱ्या मॅडमकडून घेतलंस तर नक्की मिळेल. त्यांचं पत्र चांगलंच असेल, आणि खोटंही नसेल."

चुटकी दारापर्यंत गेली, परत आली. "तुम्हीच लिहा."

पत्र पानभराचं झालं. पहिल्या रुग्णालयाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने नम्र नकार पाठवला. तिसरं रुग्णालय गावाबाहेर होतं, भाजलेल्या रुग्णांचं. तिथल्या मुख्य थेरपिस्टने अर्धा तास मोज्यांखेरीज दुसरं काही विचारलंच नाही. काय पाहायचं होतं, का पाहिलं नाही, दुसऱ्यांदा काय बोललीस. चुटकीने सगळं सांगितलं, जिन्यातलं बोलणंसुद्धा. मास्तर तेव्हा खालच्या पायरीवर होते, हे तिला ठाऊक नव्हतंच. आठवड्याने तिला बोलावणं आलं.

दुसऱ्या थेरपिस्टचा नियम आजही आहे. मास्तरांनी त्याविरुद्ध दोन अर्ज केले. दोन्ही 'विचाराधीन' आहेत, म्हणजे कोणीही विचार करत नाही. नेमणूक झालेला थेरपिस्ट कोपऱ्यात बसून आपली कागदपत्रं उरकतो. मास्तरांचा त्याच्यावर राग नाही, नियमावर आहे. नियमामागचं कारण त्यांना कळतं, आणि त्यामुळे राग कमी झालेला नाही.

नोकरी लागल्यावर चुटकीने फोन केला. मास्तर दोन पेशंटांच्या मधल्या वेळेत होते.

"पहाटेची बस आहे, सर. दीड तास लागतो."

"डबा घरूनच नेतेस का?"

"हो. आणि पहिल्या आठवड्यात मला एकही पेशंट देणार नाहीत. नुसतं सिस्टरच्या शेजारी उभं राहून ड्रेसिंग बघायचं, म्हणाले."

"चांगली जागा दिसतेय," मास्तर म्हणाले. मग त्यांनी तिथल्या खोल्यांत पंखे आहेत का, ते विचारलं, कारण भाजलेल्या माणसाला वाऱ्याचा झोत सोसत नाही, आणि फोन ठेवून हात धुवायला गेले.